न बसवलेल्या मेंढ्यांची बाजरी

त्या गुन्ह्याचा विषय निघाला की माझ्या डोळ्यांपुढं आरोपी येत नाही, मुद्देमालही येत नाही. मूठभर बाजरी येते.

मी पोलीस खात्यात शिपाई म्हणून लागलो आणि सहायक फौजदार होऊन घरी आलो. शाळा सातवीपर्यंत, तीसुद्धा मास्तरांच्या छडीमुळं पुरी झाली. इंग्रजीतला कायदा मला कधी वाचता आला नाही. पण माझ्या हातचा पंचनामा कोर्टात कधी फाटला नाही, हे छातीवर हात ठेवून सांगतो. या प्रकरणात मात्र माझंच दोनदा चुकलं. चुकलेलं लिहायचं तर सगळं लिहावं, म्हणून बसलोय.

नव्वद सालानंतरची गोष्ट. मी तेव्हा हवालदार होतो, बारामतीत. पण लोक सगळ्याच हवालदारांना जमादार म्हणायचे. ठाणे अंमलदाराच्या टेबलावर माझी ड्युटी असताना जळोचीकडच्या दहा-अकरा बायका ठाण्यात आल्या. पुढं एक पन्नाशीची विधवा बाई होती, डोक्यापासून पायापर्यंत पिठानं पांढरी. तिची पिठाची गिरणी. वस्तीवर सगळे तिला आक्का म्हणत.

"जमादार," ती म्हणाली, "आमच्या तिकडं गांजा चाललाय. पोरं चिलमी वडत्यात. कामावरनं येत्यात ते डोळं लाल करूनच."

मी वही ओढली. "विकतो कोण? नाव सांगा."

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या.

"नाव सांगितल्याशिवाय तक्रार कशी लिहू? हवेवर गुन्हा दाखल करू?"

मागून एक हळूच म्हणाली, "चला गं. दळान पडलंय." आणि सगळ्या निघून गेल्या. मी डायरीत एक ओळ टाकली आणि शेजारच्या शिपायाला म्हणालो, बायकांना नुसतं बोलायला पाहिजे, पुढं यायला नको. ही माझी पहिली चूक. तिचं मोल पुढं कळलं.

महिना-दीड महिना गेला असेल. कारखान्याचा हंगाम चालू होता, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग. एका दुपारी वर्दी आली की कॅनॉलच्या कडेला ट्रॅक्टर उलटलाय. जाऊन बघतो तर दोन ट्रॉल्या आडव्या, ऊस पाण्यात, आणि ड्रायव्हर खाली अडकलेला. जिवंत होता, पाय मांडीत मोडलेला. मागून सायकलवर दोन शाळेच्या पोरी येत होत्या, त्या हातभर अंतरानं वाचल्या. ड्रायव्हरच्या खिशात चिलीम होती. चोवीस-पंचवीस वर्षांचा गडी. आक्काचा एकुलता एक.

दवाखान्यात आक्का भेटली. मला वाटलं रडेल, हातापाया पडेल, पोराला सोडा म्हणेल. ती म्हणाली, "डाक्टर म्हनत्यात सहा आठवडं पलस्तर. तंवर त्यो खाटंवर हाय, म्हंजी माज्या हातात हाय. पलस्तर निघालं की पुन्ना तिकडंच जानार. जमादार, ह्या सहा आठवड्यात मुळाशी जावा. न्हाय तर पुढच्या येळी पाय मोडनार न्हाय, मान मोडंल. त्याची न्हाय तर कुना शाळंच्या पोरीची."

"अपघाताचा गुन्हा त्याच्यावर दाखल होणार," मी स्पष्ट सांगितलं.

"करा की. मी कुटं न्हाय म्हनतीय? पर इकनारा मोकळा फिरला तर तुमचा गुना कागदावरच ऱ्हाईल."

मला कोणी कागदावरचा म्हटलं की डोकं सणकतं. मी तिथंच शब्द दिला की प्लास्टर निघायच्या आत धरतो.

पोराची विचारपूस सुरू केली. खाटेवर पडलेला, पाय प्लास्टरमध्ये. त्याच्यावर हात उचलायचा प्रश्न नव्हता आणि तशी माझी पद्धतही नव्हती. तीन दिवस रोज तासभर जाऊन बसायचो. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "इंदापूरला स्टँडच्या मागं एक ट्रकवाला देतो. सोलापूरकडनं येतो. नाव ठावं न्हाय."

मला ते पटलं. हायवे, ट्रक, परका माणूस, पटण्यासारखंच होतं. साहेबांची परवानगी घेतली, इंदापूर ठाण्याला कळवलं आणि तिथं साध्या कपड्यांत ठाण मांडलं. तीन आठवडे. स्टँडच्या मागं चहाच्या टपरीवर बसून माझ्या पोटात चहाचं तळं झालं. ट्रक तपासले, टेम्पो तपासले. कांदा, पेंड, खत, कोंबड्या, सगळं बघितलं. एका टेम्पोत पोतंभर हिरवा सुका पाला सापडला तेव्हा माझी छाती फुगली. ते पोतं मी जीपमध्ये घालून बारामतीला आणलं. साहेबांनी चिमूटभर चोळून वास घेतला.

"जमादार," ते म्हणाले, "ही ढाब्यावर चाललेली कसुरी मेथी आहे. ज्याची आहे त्याला परत द्या. आणि उरली तर थोडी घरी न्या, डाळीत घाला."

ठाण्यात आठ दिवस मला मेथीवरून चिडवत होते. पण माझा हट्ट जाईना. पोरानं इंदापूर म्हटलंय म्हणजे इंदापूरच. ही दुसरी चूक. खोटं बोलणारा माणूस तुम्हाला नेहमी तिकडं पाठवतो जिकडं जायची तुमची आधीपासूनच तयारी असते. हे मी नोकरीच्या पंचविसाव्या वर्षी शिकलो.

पाचवा आठवडा सरत आला. मंगळवारी सकाळी मी ठाण्यात हजेरी संपवून बसलो होतो. आक्का आली. पदराच्या गाठीत काहीतरी बांधलेलं. गाठ सोडून तिनं माझ्या टेबलावर मूठभर बाजरी ठेवली.

"आक्का, हे काय? दळायचं असेल तर गिरणी तुमच्याकडं आहे."

"हसू नगा. सोमवारी पलस्तर काढत्यात. ही बाजरी न बसवलेल्या मेंढ्यांची हाय."

मला काही उमगेना. तेव्हा तिनं सांगितलं, ते असं.

त्या बायका पहिल्या दिवशी ठाण्यातून परत गेल्या, पण गप्प बसल्या नव्हत्या. लाईट असेल तोवर गिरणी चालायची. पिंपळीकडच्या वस्त्यांवरनंही माणसं डबे घेऊन यायची आणि नंबर लागेस्तोवर बोलत बसायची. आक्कानं तिथं एक नेम केला होता. कुणी कुणाचं नाव घ्यायचं नाही. ज्यानं जे बघितलं, तेवढंच बोलायचं. रोजच्यापेक्षा वेगळं काय दिसलं, कुठल्या रानात, कुठल्या वळणावर, बस.

"तुमी नाव मागितलं म्हनून आमी गप झालो," ती म्हणाली. "नाव घेतलं की भावकीत वैर. उद्या त्याच घरात लगीन असतंय, परवा त्याच्याच बांधावरनं आमची वाट असती. पर डोळ्याला दिसलं ते बोलायला कुनाची चोरी?"

आदल्या दिवशी एक म्हातारा मेंढपाळ बाजरी घेऊन गिरणीवर आला होता. सगळे त्याला आबा म्हणत. आता त्याच्या भाऊबंदांनी मेंढरं सोडून शेती धरली, पण आबानं कळप सोडला नव्हता. आमच्याकडं रान मोकळं झालं की शेतकरी मेंढपाळाला बोलावून घेतो, मेंढ्या रानात बसव म्हणतो. लेंडीखत पडतं, रान सुधारतं, त्याबद्दल मेंढपाळाला धान्य देतो. त्यासाठी लोक आबाच्या मागं फिरतात, आज माझ्याकडं, उद्या माझ्याकडं.

आक्कानं बाजरी ओतताना विचारलं होतं, "आबा, कुनाच्या रानात बसवली मेंढरं?"

"बसवलीच न्हाय गं," आबा म्हणाला. "बसवू नगंस म्हनून दिली."

अख्खी गिरणी हसली. एक म्हातारी म्हणाली, "आबा, उद्यापास्नं माज्या परड्यात बी बसवू नगा, मी दोन पायल्या देते!"

पण आबा हसला नव्हता. "बाभळीच्या वळनाजवळ एक रान मोकळं झालंय, तितं बसवायची व्हती. शेजारच्या उसाचा मालक आला आन् म्हनला, आबा, हितं नगं, ही घे बाजरी. सत्तर वर्सं झाली मला. लोकं मेंढ्यासाठी भांडल्याली बघितली. मेंढ्या येऊ न्हाईत म्हनून दाणं देनारा पयलाच."

तेव्हा रांगेतली एक खुरपणारी बाई म्हणाली, "बाभळीचं वळान? त्या उसात भादव्यापास्नं खुरपायला बाया बोलवल्याल्या न्हाईत. घरच्या घरीच करतो म्हनत्यात." आणि ऊसतोडीच्या टोळीला भाकऱ्या पुरवणारी एक होती, ती म्हणाली, "त्याच उसाची तोड आलती, तर मालकानं ती फुडं ढकलली."

हे ऐकलं आणि मी खुर्चीत ताठ बसलो. वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या घरी ऊस नाही त्यांना सांगतो. कारखान्याची तोड येणं म्हणजे काय, हे आमच्याकडं लहान पोराला कळतं. ऊस तोडून न्यायची ती पाळी मिळावी म्हणून लोक गटप्रमुखाच्या दारात बसतात. ऊस वाळतो, वजन घटतं, शेतकऱ्याचा जीव टांगणीला लागतो. आणि हा माणूस आलेली तोड परत लावतो, मजूर घेत नाही, शेजारी रातभर मेंढ्या-मेंढपाळ राहू नयेत म्हणून वर बाजरी देतो. एकेक गोष्ट काहीच नाही. तिन्ही एकाच रानाच्या.

तरी माझ्या तोंडातून निघालंच, "मालकाचं नाव काय?"

आक्का उठून उभी राहिली. "पुन्ना नाव! जमादार, तुमचं शिक्षान कितवी?"

"सातवी."

"माजं काईच न्हाय. पर मला कळलं, तुमाला अजून न्हाय." आणि बाजरी टेबलावरच ठेवून गेली.

अपमान झाला. पण खरं होतं. मी टोपी घातली आणि तलाठ्याकडं गेलो. बाभळीच्या वळणाजवळच्या त्या उसाच्या रानाचा सातबारा काढायला लावला. नाव गावातल्या कोणी घेतलं नाही. नाव सातबाऱ्यानं सांगितलं. वजनदार शेतकरी, चाळिशीचा, कारखान्याचा सभासद, सभेत पुढच्या रांगेत बसणारा.

गांजाच्या कायद्यात मिळालेली बातमी आधी लेखी नोंदवून वरिष्ठांना कळवावी लागते. मी नोंद केली, खबऱ्याचं नाव न लिहिता. साहेबांनी वाचली आणि माझ्याकडं बघितलं.

"पुन्हा मेथी निघाली तर?"

"तर बदली मागून घेतो साहेब."

"तुमची नाही हो, माझी होईल." पण त्यांनी सही केली.

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता आम्ही गेलो. पंच गावातले घेतले नाहीत. ते उद्या फितूर होतात, किंवा होत नाहीत आणि आयुष्यभर भोगतात. तलाठी आणि लांबच्या शाळेतले एक गुरुजी, असे दोन पंच. वजनकाटा, लाख, पिशव्या सगळं बरोबर. मालक बांधावरच होता. साहेबांनी झडतीचं कारण सांगितलं, तो हसला. "घ्या की. कपडं फाटतील फकस्त."

उसात शिरलो. पाती ब्लेडसारखी लागतात. पंधरा सऱ्या ओलांडल्या, काही नाही. वीस झाल्या, काही नाही. गुरुजींच्या चष्म्यावर घाम, तलाठी म्हणाला, जमादार, परत फिरू. उभ्या उसाच्या पोटात कायम अंधार असतो, भर दुपारी दिवेलागणीसारखं. मी मान खाली घालून सरी धरून चालत होतो आणि एकदम माझ्या बुटावर ऊन पडलं.

उसाच्या पोटात ऊन कशाला येईल?

वर बघितलं. मधोमध आठ-एक गुंठे मोकळे, चारी बाजूंनी उसाची भिंत, आणि आत गांजाची झाडं, पुरुषभर उंच, फुलावर आलेली. वास तर असा की गुरुजींनी नाकाला रुमाल लावला. काही झाडं आधीच काढून नेलेली, बुंधे तसेच होते. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. दुपार टळेपर्यंत मोजणी, वजन, नमुने, सील, पंचनामा चालला. पंचनाम्यातलं अक्षर माझं होतं. वाकडं, पण खाडाखोड नव्हती.

आता खरी कसोटी. मालक ठाण्यात बसला आणि शांतपणे म्हणाला, "माज्या उसात कुनीतरी लावलं. ऊस मोटा झाला की आत कोन जातंय? मला काय म्हाईत?"

दोन तास तेच. कोर्टातही हेच म्हणाला असता. सुकवलेला माल कुठं, विकतो कोण, काही हाती नव्हतं. माझ्या जिभेच्या टोकावर बाजरी आली होती. मग मेंढ्या येऊ नयेत म्हणून दाणे का दिलेस, एवढं विचारलं की तो गार झाला असता. पण विचारलं की आबाचं नाव फुटलं. तोडीचं बोललो की भाकरीवाली फुटली. मी जीभ चावली. इतकी की दुखली.

मग चहा मागवला. विचारलं, "उसाची जात कुठली लावलीय? उतारा काय पडतो?" तो खुलला. बेणं कुठून आणलं, पाणी कसं देतो, शेजाऱ्यापेक्षा आपला ऊस कसा बोटभर जाड, सगळं सांगायला लागला. मी ऐकून घेतलं आणि म्हणालो, "म्हणजे गडी चांगला आहे तुमचा. त्यालाच बोलवायला पाहिजे. तुम्हाला विचारून उपयोग नाही."

"गडी कशाला? मी सोता करतो."

"छे. आठ गुंठे ऊस मधनं नाहीसा झाला आणि मालकाला पत्ता नाही? माझा बाप कोरडवाहू, दोन एकरांचा धनी. पण एक ताट वाळलं तरी संध्याकाळी आईला सांगायचा. तुम्ही बांधावरचे शेतकरी. बांधावर उभं राहायचं आणि सभेत पुढं बसायचं."

तो ताडकन उठला. "जमादार, तोंड सांभाळा! रोज सकाळी सरी न् सरी पायाखालनं घालतो मी! माज्या उसात मला इचारल्याबिगर उंदीर शिरत न्हाय!"

लिहिणाऱ्या शिपायाचा पेन थांबला. मालक उभा होता तसाच हळूहळू खाली बसला.

पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, हे मला माहीत होतं. पण माणूस एकदा मोडला की पुढं वाट दाखवतो. त्यानं पंचांसमक्ष गोठ्याशेजारची कडब्याची गंजी दाखवली, तिच्या पोटातून सुकवलेला माल निघाला, आणि ते कोर्टात चालतं. जळोचीत त्याच्यासाठी विकणारा एक पंक्चरवाला होता, तो संध्याकाळी धरला.

शनिवारी मी आक्काच्या पोराकडं गेलो. पाय अजून पांढऱ्या प्लास्टरमध्ये.

"धरला," मी म्हणालो.

त्यानं तोंड भिंतीकडं केलं. "कुनी सांगितलं?"

"सातबाऱ्यानं. तू मला इंदापूरला का पाठवलंस?"

भिंतीकडंच बघत बोलला. "त्याच्या शबुदावर मला ट्रॅक्टर मिळाला व्हता. त्याचं नाव कसं घेऊ?"

मी त्याच्यावर ओरडणार होतो. ओरडलो नाही. गावात जन्म काढलेल्या माणसाला नाव घेणं किती जड, ते तोवर मला कळलं होतं. सोमवारी प्लास्टर निघालं. अपघाताच्या गुन्ह्याला तो सामोरा गेला, आणि नंतर आमच्या खटल्यात साक्षीलाही उभा राहिला. तिथं मात्र त्यानं नाव घेतलं. आक्का कोर्टाच्या मागच्या बाकावर बसली होती. कपडे स्वच्छ, पण कानाच्या पाळीवर पीठ.

मालकाच्या वकिलानं मला दोन तास उलटतपासणीत धरलं. "तुम्हाला बातमी कोणी दिली? नाव सांगा."

"सांगणार नाही."

"म्हणजे नाव नाहीच. तुम्हाला माहीत तरी काय आहे?"

मी म्हणालो, "मी काय बघितलं ते विचारा. सगळं सांगतो."

न्यायाधीशांनी मान वर करून बघितलं आणि लिहून घेतलं. शिक्षा लागली.

त्यानंतर मी जितकी वर्षं नोकरी केली, तितकी वर्षं ठाण्यात आलेल्या माणसाला आधी नाव विचारलं नाही. बसा म्हणायचो, पाणी द्यायचो आणि विचारायचो, काय दिसलं? नवीन शिपाई हसायचे. पण माणसं बोलायची. पोलिसांना वाटतं लोक घाबरून गप्प बसतात. घाबरतातही. पण निम्म्या वेळा आपणच चुकीचा प्रश्न विचारून त्यांचं तोंड बंद केलेलं असतं. वस्तीला सगळं दिसतं. कोण मेंढ्या नाकारतो, कोण तोड परत पाठवतो, हे कुठल्याही डायरीत सापडत नाही. ते ऐकायला दळणाच्या रांगेत बसावं लागतं, आणि बसताना आपली टोपी मांडीवर घ्यावी लागते.

पोराची सवय एका दमात सुटली नाही, खोटं कशाला लिहू. दोनदा घसरला. दोन्ही वेळा त्या बायकांनी आक्काच्या आधी बघितलं आणि आक्काला सांगितलं. ट्रॅक्टर त्यानं सोडला.

निवृत्त झाल्यावर पहिल्याच महिन्यात मी गव्हाचा डबा घेऊन त्या गिरणीवर गेलो. घरापासून लांब पडते, पण मी तिथंच जातो. आक्का बाकावर बसली होती, थकलेली. मला बघून मोठ्यानं ओरडली, कारण गिरणीच्या आवाजात तसंच बोलावं लागतं.

"काय जमादार, काय बघितलं?"

एक माणूस माझ्या हातातला डबा घेऊन वजनाकडं निघाला होता. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा, आणि एका पायानं जरासा लंगडत. मी तिकडं बोट केलं. नाव घेतलं नाही.